पाणी कधी येणार? : अंदाज सांगणाऱ्या माणसाची पारख



आपल्या काही गटांत उपसा सिंचन योजनांची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. योजना म्हटली की दोन प्रश्न आलेच. पाणी कधी येणार आणि पैसे किती लागणार? पंप, पाइप, कर्जाचे व्याज यांची चौकशी आपण बारकाईने करतो. पण या दोन प्रश्नांची उत्तरे देणारा बांधकामाचा प्रमुख अंदाज बांधण्यात कसा आहे, हे कोणी विचारत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका योजनेच्या साहेबांनी ‘शिवरात्रीला पाणी’ असे सांगितले. त्यावर विसंबून मी सभासदांना सुरू ऊस लावायला सांगितला. विहिरींना पाणी होते ते फाल्गुनापर्यंत पुरेल एवढेच. इकडे जॅकवेलच्या खुदाईत मुरूम भराभर निघाला आणि खाली काळा पाषाण लागला. रोज दोन फूट जाणारे काम चार इंचांवर आले. मुकादमाला हे पौषातच कळले होते. साहेबांच्या वहीत मात्र तारीख तीच! पाणी आले ते मृग पडून गेल्यावर. एकरी १० हजार टिपरी, खत, मशागत, सारे मातीत गेले. एक वयस्कर सभासद मला एवढेच म्हणाले, “साहेब, पौषात सांगितलं असतं, तर ऊस लावलाच नसता. आहे त्या पाण्यावर म्हसरांपुरतं कडवळ तरी काढलं असतं.” त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

अंदाज चुकला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. मोठ्या मोठ्यांचे चुकतात. कोकण रेल्वेचेच पाहा. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्यासारखा खंबीर प्रमुख लाभला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचे ठरले. सह्याद्रीचा कठीण खडक यंत्रांनी फोडला. पण काही बोगद्यांत पाण्याने भिजलेली मऊ माती लागली. ती खणावी तशी ढासळत होती. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांना थकवले. संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. खर्चही वाढला. म्हणजे पाषाणाने नव्हे, मऊ मातीने गणित बिघडवले. आपल्याकडे नेमके उलट झाले. एका जमिनीचा वेग दुसऱ्या जमिनीला लावता येत नाही, हाच धडा.

मग चांगला अंदाज सांगणारा कोणता? माझ्या अनुभवाने चार खुणा सांगतो.

पहिली, त्याच्याजवळ मागील कामांची वही असते. किती दिवस धरले होते आणि प्रत्यक्षात किती लागले, हे तो आकड्यांत सांगतो. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

दुसरी, तो कामाचे तुकडे पाडतो. खुदाई, पाइपलाइन, पंपहाउस, वीजजोडणी, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. आपल्या हातातले काय आणि दुसऱ्यावर अवलंबून काय, हेही तो वेगळे मांडतो. वीज आली नाही तर पंप बसून उपयोग काय?

तिसरी, तो जागेवर जातो आणि मुकादमाचे ऐकतो. उसाचा टनेज अंदाज बांधावरून केला तर हटकून जादा येतो, कारण बांधालगतचा ऊस ऊन-वारा मिळून जाड होतो. फडाच्या आत शिरल्यावर खरे कळते. बांधकामाचेही तसेच आहे.

चौथी आणि सर्वांत मोठी, वाईट बातमी वेळेवर सांगण्याचे धैर्य. तारीख पुढे गेली तर तो ती त्याच आठवड्यात सांगतो. लोक रागावतील म्हणून दडवलेला एक महिना शेतकऱ्याचा एक हंगाम खातो.

इथे आपलीही जबाबदारी आहे. उशिराची बातमी सांगणाऱ्या इंजिनिअरला आपण बैठकीत धारेवर धरतो आणि गोड तारीख सांगणाऱ्याला हार घालतो. मग खरे कोण बोलणार?

तेव्हा योजनेच्या पहिल्या बैठकीत दोन तारखा मागून घ्या. एक, सारे सुरळीत झाले तर. दुसरी, अडचण आली तर. दर महिन्याला दोन्ही तारखा फळ्यावर नव्याने लिहायला लावा. आणि लागण मात्र दुसऱ्या तारखेच्या हिशेबानेच करा. पाणी लवकर आले तर आनंदच आहे.

यापुढे कोणत्याही गटात नव्या पाण्यावर लागण सुचवण्यापूर्वी मी स्वतः खुदाईवर जाऊन मुकादमाला विचारीन. एवढे आपले देणे मजकडे आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी