पॉप गीताची संहिता : ध्वनिमुद्रणातील थर आणि सांगीतिक संकुलतेचा प्रश्न

पॉप गीत साहित्याभ्यासाच्या कक्षेत येते ते बहुधा शब्दांच्या वाटेने. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर ही वाट अधिक रुंद झाली. तिची दिशा मात्र बदलली नाही. गीताचे शब्द कागदावर उतरवून घ्यावेत, त्यांतील प्रतिमा आणि यमके तपासावीत आणि हाती फारसे काही न लागल्यास हा प्रकार उथळ आहे असा निर्णय द्यावा, अशी ही रीत आहे. पॉप गीत ही कागदावरची कविता नसून ध्वनिमुद्रित वस्तू आहे, ही साधी बाब तीत निसटते. त्यामुळे तौलनिक साहित्याभ्यासकासमोर एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : अशा गीताची संहिता कोणती मानायची?

या प्रश्नाची एक बाजू थिओडोर अडोर्नो यांच्या लोकप्रिय संगीतावरील १९४१ च्या निबंधात दिसते. अभिजात रचनेत प्रत्येक तपशिलाला समग्र रचनेतून अर्थ मिळतो. लोकप्रिय गीतात साचा आधीच ठरलेला असतो आणि तपशील बदलले तरी साच्याला धक्का लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रमाणीकरणावर वेगळेपणाचा मुलामा चढवला जातो, त्याला त्यांनी आभासी व्यक्तिविशिष्टता म्हटले. त्यांच्यासमोरचे गीत छापील स्वरलिपीतून विकले जाणारे, कोणत्याही वाद्यवृंदाने वाजवावे असे होते. चाल, कॉर्ड आणि शब्द हेच त्याचे सार. ध्वनिमुद्रण ही त्याची केवळ एक आवृत्ती. पुढील पंचवीस वर्षांत नेमके हेच नाते उलटे झाले.

या बदलामागे तंत्र होते. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ मध्ये तबकडीवर एकावर एक वादन मुद्रित करून एकट्याच्या गिटारचा समूह उभा केला. १९५१ च्या ‘हाऊ हाय द मून’ मध्ये मेरी फोर्ड यांचा आवाज त्याच रीतीने अनेक झाला. चुंबकीय फितीमुळे हे काम सुकर झाले. फितीच्या रुंदीचे समांतर पट्टे केले की प्रत्येक पट्ट्यावर, म्हणजे ट्रॅकवर, निरनिराळ्या वेळी मुद्रण करता येते आणि शेवटी सर्वांचे मिश्रण करता येते. बीटल्स या ब्रिटिश गायक-वादकांनी ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एकाच दिवसात दोन ट्रॅकच्या यंत्रावर दहा गाणी मुद्रित केली. तीन वर्षांनंतर, त्याच लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रावर एकेका गाण्यासाठी अनेक आठवडे खर्ची पडू लागले. चारही ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण दुसऱ्या फितीच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवून पुढील थरांसाठी जागा केली जाई. मात्र एकदा मिसळलेले थर पुन्हा सुटे करता येत नसत. प्रत्येक थर हा असा मागे न घेता येणारा निर्णय होता.

संकुलतेचा विचार येथे दोन दिशांनी करावा लागतो. एक संकुलता स्वररचनेची : चाल, कॉर्डचा क्रम, लय. दुसरी नादगुणाची आणि अवकाशाची. सनई आणि बासरी एकच स्वर वाजवीत असताना जो फरक जाणवतो तो नादगुणाचा. एखादा आवाज कानाशी आहे की दूरच्या दालनात आहे, हे जाणवते ते अवकाशाचे. या दोन संकुलता एकत्र वाढतातच असे नाही. एप्रिल १९६६ मध्ये मुद्रित झालेले बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गीत जवळजवळ एकाच कॉर्डवर उभे आहे. तंबोऱ्याचा अखंड नाद तिला धरून राहतो. अडोर्नो यांच्या मापाने ही रचना दरिद्री ठरेल. परंतु तिच्यावर फितीची टोके जोडून केलेली ध्वनिवर्तुळे अनेक यंत्रांवर एकाच वेळी फिरवून मिश्रणाच्या क्षणी आतबाहेर आणली गेली आणि जॉन लेनन यांचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या ध्वनिवर्धकातून नेला गेला. ते मिश्रण तसेच्या तसे पुन्हा करणे शक्य नव्हते. स्वरलिपीत या गीताचे जवळजवळ काहीच उतरत नाही.

संहितेचा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो तो ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ मध्ये. नोव्हेंबर-डिसेंबर १९६६ मध्ये या गीताचे दोन निराळे पाठ तयार झाले : एक हलका, मेलोट्रॉन या वाद्याच्या बासरीसारख्या नादाने सुरू होणारा; दुसरा तालवाद्ये, तुताऱ्या आणि चेलो यांनी भारलेला, ज्यात जॉर्ज हॅरिसन यांनी वाजवलेले स्वरमंडळही आहे. लेनन यांना पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. दोन्हींची पट्टी आणि लय मात्र वेगळी होती. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी दुसऱ्या पाठाची फीत संथ केली. फीत संथ झाली की स्वर आणि लय दोन्ही उतरतात. त्यामुळे दोन पाठ जुळण्याइतके जवळ आले आणि सुमारे एका मिनिटापाशी फीत कापून सांधता आली. सांध्यानंतर आवाज जड, किंचित अवास्तव होतो. बालपणीच्या एका जागेच्या स्मृतीविषयीच्या या गीतात स्मृतीचा गढूळपणा शब्दांइतकाच त्या मंदावलेल्या आवाजातून येतो. तो कोणी लिहिलेला नाही. तो सांध्याचा परिणाम आहे.

१९९६ मधील ‘अँथॉलॉजी २’ आणि ‘सार्जंट पेपर’ची २०१७ मधील आवृत्ती यांतून या गीताचे आधीचे पाठ प्रकाशित झाले आहेत, त्यामुळे पाठचिकित्सेला येथे खरी सामग्री मिळते. तिचे सूत्र मात्र उलटवावे लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत वि. स. सुकथनकर यांचा प्रयत्न प्रक्षेप दूर सारून हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल तितक्या प्राचीन पाठाकडे जाण्याचा होता. पॉप गीतात प्राचीन पाठ हा केवळ कच्चा मसुदा असतो. प्रक्षेपांची बेरीज हीच अधिकृत संहिता ठरते.

थर आणि शब्द यांचे नाते नेहमी सहकाराचे असते असेही नाही. टेनसीसी या गटाचे १९७५ चे ‘आय’म नॉट इन लव्ह’ हे गीत शीर्षकापासूनच प्रेम नाकारते. त्याच्या पार्श्वभागी तीन गायकांनी प्रत्येक स्वर सोळा वेळा गाऊन केलेले अठ्ठेचाळीस आवाज, तेरा स्वरांचे मिळून ६२४ आवाज आहेत. या स्वरांची ध्वनिवर्तुळे मिश्रणफलकाच्या सरकपट्ट्यांवर वाद्यासारखी वाजवली गेली. एकटा गायक नाकारीत राहतो आणि त्याच्याभोवतीचा आवाजांचा सागर त्याला खोटे पाडतो. कागदावर वाचल्यास हा नकार सरळ वाटतो. गीताचा उपरोध थरांत आहे. भावगीतातील ‘मी’ कोण, हा साहित्यातील जुना प्रश्न येथे ध्वनीच्या पातळीवर उभा राहतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणांवर आधारलेल्या, जोआन सेर्रा आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात स्वरांच्या क्रमांतील वैविध्य घटल्याचे, नादगुणही एकसारखे होत गेल्याचे आणि मुद्रणाची तीव्रता वाढल्याचे दिसले. म्हणजे थर वाढले की वैविध्य वाढतेच असे नाही; हाताशी तीच यंत्रे आणि तेच तयार नाद असले तर शंभर ट्रॅकही एकसुरी होऊ शकतात. अडोर्नो यांचा संशय यामुळे रद्द होत नाही, तो स्थलांतरित होतो. प्रमाणीकरण आता चालीपेक्षा नादात शोधावे लागेल. परंतु सरासरी ही शैलीच्या इतिहासाविषयी सांगते. एखाद्या विशिष्ट कृतीचे मोल ती ठरवीत नाही.

भारतीय संदर्भात तुलनेची आणखी एक बाजू समोर येते. मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांत गायक आणि वाद्यवृंद अनेक दशके एकाच वेळी स्टुडिओत गात-वाजवीत. तेथे थर फितीवर नव्हे, तर आधी कागदावर, संगीत संयोजकाच्या स्वरलिपीत रचले जात. हे काम करणाऱ्यांत अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्यातून आलेले, पाश्चात्त्य स्वरलिपी जाणणारे संगीतकार होते. ध्वनिमुद्रिकेवर नाव बहुधा संगीत दिग्दर्शकाचे असे. प्यारेलाल यांच्या या व्हायोलिनगुरूचे, गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यातून. ग्रेगरी बूथ यांच्या २००८ मधील ग्रंथाने या वादक-संयोजकांच्या कामाची विस्तृत नोंद घेतली. थर न वाचणारी समीक्षा ते रचणाऱ्यांनाही कर्तृत्वाबाहेर ठेवते, हे यातून उघड होते.

संगणकाधारित मुद्रणात थर पुन्हा सुटे करता येतात, निर्णय मागे घेता येतो. कान्ये वेस्ट यांनी ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ हा संग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरही बदलत ठेवला. येथे अंतिम पाठ ही कल्पनाच सैल होते आणि कोणत्या तारखेला ऐकलेला पाठ अभ्यासला, हे नोंदवणे आवश्यक ठरते.

तौलनिक अभ्यासाने पॉप गीताकडे वळताना म्हणून तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतील : शब्द, त्यांना सामावणारे किंवा छेद देणारे थर, आणि ते थर रचणाऱ्या हातांची नावे. ॲलन मूर यांनी १९९३ मध्ये आणि अल्बिन झॅक यांनी २००१ मध्ये ध्वनिमुद्रण हीच रॉक संगीताची प्राथमिक संहिता मानून या दिशेने पद्धती सिद्ध केली आहे. गीताचे भाषांतर करताना यांपैकी पहिलीच गोष्ट दुसऱ्या भाषेत नेता येते. उरलेल्या दोन कोणत्या, हे सांगणे ही भाषांतरकाराची नसली, तरी अभ्यासकाची जबाबदारी आहे.