खेळाडूची प्रशिक्षक होताना

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मुलींचे मैदानी खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो ही नावे आधी आठवतात. खेळ कोणताही असो, एक प्रश्न सगळ्याच मुलींपुढे उभा राहतो. पाय थकले, की पुढे काय? फुटबॉलमध्ये गोव्याच्या मेमोल रॉकी यांनी त्याचे एक उत्तर शोधले.

मेमोल रॉकी भारताकडून खेळल्या आणि नंतर प्रशिक्षणाकडे वळल्या. २०१७ मध्ये त्या भारताच्या वरिष्ठ महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. या पदावर आलेल्या पहिल्या महिला म्हणून त्यांची नोंद झाली.

युरोपातले क्लब ज्याला मॅनेजर म्हणतात, त्याचेच काम आपल्याकडे बहुधा मुख्य प्रशिक्षक करतो. कोणत्या अकरा जणी उतरवायच्या, कोणी कुठे खेळायचे, प्रतिस्पर्ध्याची कच्ची बाजू कोणती, कोणाला कधी बदलायचे, हे सारे त्यानेच ठरवायचे. जिंकले तर कौतुक खेळाडूंचे, हरले तर जाब मात्र त्याला!

रॉकी यांच्या काळात भारत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच पोहोचला. एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले येथे यजमानांशी सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. दोघांचे गुण सारखे झाले. पण गोलफरकावर म्यानमार पुढे गेला. त्याच वर्षी नेपाळमध्ये भारताने सलग पाचव्यांदा सॅफ करंडक जिंकला आणि दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदकही मिळवले. २०२१ मध्ये रॉकी यांनी वैयक्तिक कारणास्तव पद सोडले. पुढे २०२४ मध्ये मणिपूरच्या चाओबा देवी यांच्याकडे हे पद आले. तरीही महिला संघाला महिला प्रशिक्षक, हे चित्र अजून अपवादाचेच आहे.

महिलेच्या हाती संघ दिला तर काय होते, हे आपण २०२२ मध्ये घराजवळच पाहिले. आशियाई करंडकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात बालेवाडीला झाले. चीनच्या प्रशिक्षक श्वी छिंगश्या या स्वतः जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडू. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात मध्यंतराला त्यांचा संघ दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे होता. उत्तरार्धात त्यांनी बदली खेळाडू उतरवल्या आणि चीनने सामना ३-२ असा जिंकला. विजयी गोल भरपाई वेळेत, बदली खेळाडूनेच केला.

अर्थात, उत्तम खेळता आले म्हणजे शिकवता येते, असे नाही. त्यासाठी परवाने लागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून सुरुवात होते. मग आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’. प्रत्येक पायरीला अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. मधल्या काळात संघ सांभाळण्याचा अनुभवही हवा. म्हणजे वेळ, पैसा आणि घरच्यांची साथ, तिन्ही आले.

घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पातील आश्रमशाळांमध्ये डोंगर चढून दम कमावलेल्या मुली शिकतात. त्यांच्या हाती चेंडू द्यायला हवाच. पण त्यांतल्या एखादीच्या हाती पुढे शिट्टीही यावी. गावातली ताई मैदानावर शिकवायला उभी असली, तर मुलीला खेळायला पाठवताना आई-वडिलांचा जीव धास्तावत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)