दोन घरे, एक वही
आपला संसार बहुधा दोन घरांत वाटलेला : शहरातली खोली आणि गावचे घर. हंडा, शिलाई मशीन, बाबासाहेबांचे ग्रंथ कुठे आहेत, हे एकट्या आईला ठाऊक. तिच्या माघारी भावंडांत वाद पेटतात. म्हणून वहीत रकाने आखा : वस्तू, नग, कोणाची, कोणत्या घरी, नेल्याची तारीख, सही. दोन्ही घरी एकेक प्रत ठेवा. बुद्धपौर्णिमेला सर्वांसमक्ष वाचा.

सुनेच्या वस्तू तिच्याच नावे लिहा. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिचीच. हिंदू कोड बिल रखडल्यावर बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या वहीत तरी लेकीसुनांचा हक्क शाईने लिहिलेला असावा!