घरच्या जुन्या गाड्या व पेट्रोलमधील आपले इथेनॉल



वारंगा फाटा गट कार्यालयात ऊस नोंदीला येणारे सभासद हल्ली नोंद झाली तरी लगेच उठत नाहीत. पाणी पितात आणि मग हळूच विचारतात, "साहेब, पेट्रोलमध्ये उसाचं काय मिसळतात? गाडी दहा किका मारल्याबिगर चालूच होईना झाली." प्रश्न रास्त आहे. ऊस आपला, इथेनॉल आपल्याच धंद्याचे आणि अंगणात रुसून बसलेली गाडीही आपलीच. आम्ही ऊस विकास विभागाची माणसे. बेणे, खत, पाणी हा आमचा विषय, इंजीन नव्हे. तरी इथेनॉलची गोष्ट निघाली की उत्तर आम्ही द्यावे ही सभासदांची अपेक्षा योग्यच आहे. सबब जाणत्या मेकॅनिकांशी बोलून व शासनाचे कागद चाळून हा लेख लिहीत आहोत.

आपल्या भागातील मोठ्या घराचे एक उदाहरण घेऊ. चार भाऊ, त्यांच्या बायका, मुले, सुना व म्हातारी आई धरून बावीस माणसे. शेत एकत्र, चूल एकत्र. ट्रॅक्टर सोडून दारात पाच गाड्या: आजोबांच्या काळातली डिझेलची जीप, एक मारुती ओम्नी, दोन स्प्लेंडर आणि आखाड्यावरून दुधाच्या कॅना आणणारी बजाजची एम-८०. सर्वांत नवी गाडी बारा-तेरा वर्षांची. हळद घेऊन वसमत-हिंगोलीच्या बाजारात जायचे, मुलांना बाळापूरला सोडायचे, फाट्यावर एस.टी.ने आलेला पाहुणा घरी आणायचा, आणि रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखू लागले तर थेट नांदेडचा दवाखाना गाठायचा, हे सगळे या पाच गाड्यांवर. पाचही नव्या घ्या असे सांगणे सोपे आहे. ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज वळते झाल्यावर हातात काय उरते हे आम्हाला सांगायला नको.

आता इथेनॉल. मिश्रणाचा उद्योग आजचा नाही. २००१ साली आपल्याच राज्यात मिरज व मनमाड येथे त्याचे प्रायोगिक काम झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल आले व २०२५ मध्ये ते देशभर झाले. आज पंपावर नेहमीचे पेट्रोल मागितले की मिळते ते हेच. एक टन उसाच्या थेट रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. महिन्याला दहा लिटर पेट्रोल पिणारी दुचाकी वर्षाकाठी २४ लिटर इथेनॉल जाळते. म्हणजे घरच्या तीन दुचाक्या मिळून वर्षाला टनभर ऊस खातात म्हणा ना!

पहिली तक्रार ॲव्हरेजची असते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. पाचवा हिस्सा इथेनॉल व त्यात तिसरा हिस्सा उष्णता कमी, म्हणजे शंभरात साडेसहा-सातची तूट. निती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातही दहा टक्क्यांच्या बेताने बसवलेल्या जुन्या चारचाकीला सहा ते सात टक्के व दुचाकीला तीन ते चार टक्के घट धरली आहे. साठ किलोमीटर देणारी स्प्लेंडर सत्तावन्न-अठ्ठावन्नवर आली तर ती इथेनॉलची तूट. चाळिशीवर आली तर मात्र इथेनॉलला बोल लावू नये. एअर फिल्टर उघडून पाहावा, प्लग पाहावा, ब्रेक चाकाला चिकटून राहतो का, हवा कमी आहे का ते पाहावे. आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा फिल्टरमध्ये पाव किलो धूळ निघते.

दुसरी तक्रार गाडी बंद पडण्याची. ही जास्त खरी आहे व ती नीट समजून घ्यावी.

इथेनॉल हे पाण्याचे सोयरे आहे. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉल हवेतला ओलावासुद्धा ओढून घेते. थोडे पाणी ते पोटात सामावून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. कॉक तळाला असल्यामुळे इंजिनाला सर्वांत आधी हाच थर मिळतो. मग किका मारून पाय दुखतो. रोज पळणाऱ्या गाडीत असे सहसा होत नाही, कारण पेट्रोल आठवड्यात संपते. होते ते उभ्या गाडीत. आपल्याकडे पावसाळ्यात ओम्नी तट्ट्याखाली दोन-दोन महिने उभी असते, टाकी अर्धी रिकामी, झाकणाचे रबर तडकलेले. रिकाम्या जागेत दमट हवा भरते आणि टाकी आतून गंजते.

तिसरे म्हणजे इथेनॉल जुना मळ सोडवते. पंधरा वर्षे टाकीच्या अंगाला चिकटलेला गाळ व गंज सुटून कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. ठिबकची नळी चोंदते तसाच हा प्रकार आहे, आणि उपायही तोच, म्हणजे आधी फिल्टर. टाकी एकदा उतरवून धुवावी व पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर बसवावा. तो चोंदला की बदलावा, फुंकून पुन्हा बसवू नये.

चौथी बाब रबराची. जुन्या गाड्यांतील नळ्या, कॉकमधील वायसर, कार्बोरेटरची गॅस्केट व ओ-रिंग हे वीस टक्क्यांचा विचार करून बनवलेले नाहीत. एप्रिल २०२३ पासून बाहेर पडलेल्या गाड्यांना त्या जातीचे रबर आहे. आधीच्या गाड्यांत काही रबरी भाग व गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. रबर फुगते, मऊ पडते, मग गळते. गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही. दुचाकीचा हा सगळा रबरी संच बदलणे म्हणजे फार मोठा खर्च नव्हे. मात्र दुकानात "कोणतीही नळी द्या" असे म्हणू नये, इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्यावी.

आणखी एक. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडते. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हे आपोआप ओळखून इंधन वाढवतात. कार्बोरेटरला डोके नसते. स्प्लेंडरसारख्या दुचाक्या साधारण २०२० पर्यंत कार्बोरेटरच्याच होत्या, तेव्हा आपल्या दारातील बहुतेक दुचाक्या यात आल्या. गाडी थंडीत चोकशिवाय उचलत नाही, चढावर गचके खाते, इंजीन लवकर तापते, ही त्याची लक्षणे. मेकॅनिककडून मिश्रण किंचित जाड करून घ्यावे. स्क्रू स्वतः पिळत बसू नये. एम-८० टू-स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलात ऑइल टाकतो, ते कॅनमध्ये महिनाभर मिसळून ठेवू नये. लागेल तेवढे ताजे मिसळावे.

डिझेलच्या जीपला इथेनॉलशी देणेघेणे नाही, तिची दुखणी वेगळी. तोडीच्या दिवसांत पाणंदीतून उडणारा फुफाटा ती ओढते, म्हणून ऑइलवरचा एअर क्लीनर हंगामात दर आठवड्याला धुवावा. डिझेल फिल्टरखालचे पाणी सोडावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय मात्र सोडाच. आपल्या बोअरच्या क्षाराने ठिबकच्या नळीचे काय होते ते सर्वांना माहीत आहे, रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक असतात. कूलंट घालावे, नसेल तर निदान गाळलेले पावसाचे पाणी. उंदरांचेही पाहावे. फड तुटला की उंदरांचे घर मोडते आणि ते थेट उभ्या गाडीच्या बॉनेटखाली येऊन वायरी कुरतडतात. तोड चालू असताना चार दिवसांतून एकदा बॉनेट उघडून दिवा मारावा.

हे सगळे करायचे कोणी? मोठ्या घरातील खरे दुखणे इथेच आहे. जी गाडी सर्वांची, ती कुणाचीच नसते. पेट्रोल टाकणारा एक, पळवणारे सात, आणि बंद पडली की "कालपर्यंत तर चांगली होती" म्हणणारे बावीस. ज्या घरांत जुन्या गाड्या चांगल्या चालतात तिथे आम्ही एकच रीत पाहिली. एक गाडी, एक माणूस. चालवो कुणीही, पण तिचे ऑइल, हवा, फिल्टर व कागद यांचा जाब त्या एकालाच. काही घरांत हे काम सुनेकडे किंवा बारावीच्या पोरीकडे आहे आणि वही अगदी चोख आहे. पानावर तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती लागले, बस. खंडेनवमीला आपण गाड्या धुऊन झेंडूचा हार घालतो. ऑइल व रबराची तपासणी त्याच आठवड्यात केली तर गळीत सुरू होण्यापूर्वी पाचही गाड्या तयार होतात.

आता कागदांविषयी, आणि इथे सभासदांनी विशेष लक्ष द्यावे, कारण जमिनीचा संबंध येतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या आपल्या गाड्यांवर परभणीचा, म्हणजे एमएच २२ चा नंबर असतो, आणि त्यांच्या नोंदणीपुस्तकात पुष्कळदा स्वर्गवासी आजोबांचे नाव असते. जमिनीचा वारस फेरफार आपण करतो, गाडीचा करत नाही. नियम असा आहे की मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे व तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यावी. राहून गेले असेल तर आता करावे.

याच्या उलट प्रकार जुनी दुचाकी "बाँडवर" विकण्याचा. पैसे घेतले, शंभराच्या कागदावर सह्या झाल्या, गाडी गेली. पुढे ती तिसऱ्याच्या, चौथ्याच्या हाती जाते. तिने कुणाला उडवले व विमा नसला तर भरपाई कोण देणार? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक व तोच जबाबदार, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. पाच-सात हजारांना विकलेल्या गाडीपायी लाखांचा बोजा घरावर येऊ शकतो. नमुना २९ व ३० भरून नाव बदलल्याखेरीज गाडीची चावी देऊ नये, मग घेणारा सख्खा मेहुणा असला तरी.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीला ५ हजार व दुचाकीला १ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ती अनुक्रमे १० हजार व २ हजार करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाल्यास महिन्यागणिक दंड चढतो. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरपाटी लावून घ्यावी लागते.

हा खर्च मांडल्यावर प्रश्न उरतो, कोणती गाडी ठेवायची? खोडवा किती वर्षे ठेवावा हे सभासद आम्हाला विचारतात, तेव्हा आम्ही नांग्या किती पडल्या ते मोजायला सांगतो. इथेही तसेच करावे. स्प्लेंडरचे सुटे भाग कुठेही मिळतात, नांग्या भरता येतात, ती ठेवावी. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले तरी भाग मिळतात, पण तळाचा पत्रा कुजला असेल तर तिच्यात मुले बसवू नयेत. जीपच्या चॅसीला दुसऱ्यांदा वेल्डिंग करण्याची वेळ आली म्हणजे तो निडवा समजावा. फाट्यावरून नांदेडकडे व यवतमाळ-नागपूरकडे जाणारा रस्ता आता रुंद झाला आहे, बाजूने ट्रक शंभरच्या वेगाने जातात, तिथे ढिल्या स्टिअरिंगची गाडी घालणे धोक्याचे आहे. पाचांतील दोन काढून उरलेल्या तीन नीट सांभाळणे बहुतेक घरांना परवडेल असे आमचे मत आहे. काढलेली गाडी भंगारवाल्याला तशीच देऊ नये. नोंदणीकृत केंद्रात मोडून प्रमाणपत्र घ्यावे व परिवहन कार्यालयातील नोंद रद्द करून घ्यावी, नाहीतर गाडी मोडली तरी नाव आजोबांचेच राहील.

नमुना २९, ३० व ३१ चे कोरे कागद गट कार्यालयात ठेवले आहेत. ज्यांना भरता येत नाहीत त्यांनी नोंदणीपुस्तक, आधार व मृत्यूचा दाखला घेऊन आमच्या चिटबॉयला भेटावे. तो भरून देईल.