एका दमाचा खेळ : पाण्याखालची हॉकी

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटण भागातील मुलांना विहिरीत डुंबताना आपण पाहिले असेल. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली मुले पुढे पांढरा दगड पाण्यात टाकतात आणि बुडी मारून तो तळातून वर आणतात. याच खेळात दोन संघ, दोन गोल आणि दगडाऐवजी एक जड चकती आणली की झाली पाण्याखालची हॉकी!

हा खेळ १९५४ साली इंग्लंडमधील साउथसी येथे ॲलन ब्लेक यांनी सुरू केला. हिवाळ्यात समुद्र गारठला की पाणबुड्यांच्या क्लबाचे सभासद फिरकेनासे होत. त्यांना तलावाकडे ओढण्यासाठी काढलेली ही युक्ती. पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली कॅनडात झाली. सुमारे २५ मीटर लांब आणि दोन ते साडेतीन मीटर खोल तलावात प्रत्येक संघाचे सहा खेळाडू उतरतात. एका हातात साधारण फूटभर लांबीची काठी असते. तिने चकती तळावरून ढकलत समोरच्या गोलात घालायची. प्रतिस्पर्ध्याला धरणे किंवा ढकलणे नियमबाह्य आहे.

चकती शिशाचीच का? शिशाची घनता पाण्याच्या सुमारे अकरा पट आहे. सुमारे १.३ किलो वजनाची चकती बाजूला सारते ते पाणी जेमतेम ११५ ग्रॅम भरते. आर्किमिडीजच्या नियमानुसार तेवढेच वजन कमी भासते आणि चकती तळ सोडत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्याने जोराने मारलेली चकतीही काही मीटरांतच थांबते. म्हणून या खेळात सोबती जवळच हवा.

डोळ्यांवर काचेचा मास्क लागतो. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम हवा आणि बुबुळावरचे पारदर्शक पटल यांच्या सीमेवर होते. पाण्याचा अपवर्तनांक या पटलाच्या जवळपास असल्याने पाण्यात ते काम थांबते आणि सारे धूसर दिसते. मास्कमुळे डोळ्यापुढे पुन्हा हवेचा थर येतो. मात्र चकती असते त्यापेक्षा जवळ दिसते, म्हणजे चार हातांवरची तीन हातांवर! नवा खेळाडू सुरुवातीला हमखास चुकतो तो यामुळेच. दोन मीटर खोलीवर कानाच्या पडद्यावर हवेच्या दाबापेक्षा सुमारे एकपंचमांश जादा दाब येतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा कानाकडे सारली की तो समतोल होतो. कान दुखू लागला तर मात्र वरच यावे.

आता मुख्य प्रश्न श्वासाचा. येथे पाठीवर हवेची टाकी नसते. पृष्ठभागावर तोंडातील नळीतून श्वास घ्यायचा, बुडी मारायची, काही सेकंद खेळून वर यायचे. हुतूतूत दम टिकेपर्यंत गड्याला आपल्या अंगणात परतावे लागते, इथे अंगण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. फरक एवढाच, की एक वर जाताच दुसऱ्याने खाली येऊन चकती सांभाळावी लागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्यांनी बसल्या जागी नेहमीचा श्वास घेऊन रोखावा आणि सेकंद मोजावेत. मग वीस उठाबशा काढून पुन्हा मोजावेत. वेळ एकदम घटलेली आढळेल. (दम्याच्या किंवा आजारी मुलांना यातून वगळावे.) स्नायूंनी काम केले की कार्बन डायऑक्साइड वेगाने साठतो, आणि श्वास घेण्याची ऊर्मी मुख्यतः त्याच्यामुळेच येते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे.

येथेच धोका दडलेला आहे. बुडी मारण्यापूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घ्यायची युक्ती आम्हीही लहानपणी विहिरीवर करत असू. तिने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेले असते. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. मग ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच ऑक्सिजन संपत येऊन मुलगा बेशुद्ध पडतो. तो धडपडत नाही, ओरडत नाही. काठावरच्यांना वाटते, ‘काय दम आहे याचा!’ पट्टीचे पोहणारेही असेच दगावतात.

म्हणून शिकणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. आधी उथळ तलावात पोहणे आणि नळीतून श्वास घेणे पक्के करावे. बुडीपूर्वी शांत, नेहमीचे श्वास घ्यावेत. एकाने बुडी मारावी तेव्हा दुसऱ्याने वरून त्याच्याकडे पाहत राहावे. आणि दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी. कोयनेचे पात्र या खेळाची जागा नव्हे. वाहते गढूळ पाणी आणि धरणातून पाणी सोडल्यावर वाढणारी पातळी यांपुढे कोणाचाही दम अपुराच.

पाटणच्या मुलांना पाण्याखालची हॉकी खेळायला मिळेल न मिळेल. पण विहिरीत बुड्या ती मारणारच. सुट्टी लागण्यापूर्वीच्या एका तासिकेत त्यांना कार्बन डायऑक्साइडची ही गोष्ट जरूर सांगावी.