चुका पदरात घेणारा कठडा

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचे यजमान टेम्पो चालवतात. मागच्या पावसाळ्यात घाटातल्या वळणावर त्यांचा टेम्पो घसरला, कडेच्या लोखंडी कठड्यावर चढला आणि पलीकडे आडवा झाला. जिवावरचं पायावर निभावलं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "जोरात होते का हो?" वहिनी बिचाऱ्या खाली मान घालून चहा द्यायच्या. खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच म्हटलं होतं.

दिवाळीत भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत नेब्रास्कात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. सहज हा विषय निघाला, तर म्हणाला, "मावशी, कठड्याची उंची किती होती?" मी गारच पडले. असं कुणी मोजतं का?

तर मोजतात! त्याच्या विद्यापीठात चक्क गाड्या मुद्दाम कठड्यावर आदळवून बघतात. आत माणूस नसतो. तारेच्या दोराने गाडी ओढत नेतात आणि धडकेच्या जरा आधी सोडून देतात. ११०० किलोची छोटी गाडी आणि २२७० किलोचा पिकअप, ताशी १०० किलोमीटर वेग, २५ अंशांचा कोन. गाडी कठडा तोडून पलीकडे गेली किंवा उलटली, की कठडा नापास.

मला वाटायचं, कठडा जितका घट्ट तितका चांगला. तसं नाही हो! चांगला कठडा वाकतो. खांब आडवे होतात, नागमोडी पत्रा पट्ट्यासारखा ताणला जातो आणि गाडीला थोपवत पुन्हा रस्त्याकडे वळवतो. तिथे नव्या कठड्याचा वरचा काठ ३१ इंचांवर ठेवतात, आपल्या ओट्याहून थोडा खाली. कमी पडला तर गाडी वर चढते, जास्त झाला तर छोटी गाडी खाली घुसते.

सगळ्यात घातक म्हणजे कठड्याचं टोक. पूर्वी ते वाकवून जमिनीत पुरायचे, तर गाडी त्यावरून चढून उलटायची. म्हणून टोकाला लोखंडी डोकं बसवू लागले. धडक बसली की ते मागे सरकतं आणि वेग जिरवतं. पण तिथेही सगळं आलबेल नाही. २०१६ साली टेनेसी राज्यात १७ वर्षांच्या मुलीची गाडी अशाच एका टोकावर आदळली. पत्रा आत घुसला, मुलगी गेली. काही महिन्यांनी मोडलेल्या कठड्याचं सुमारे तीन हजार डॉलरचं बिल आलं, तेही तिच्याच नावाने! चूक झाली म्हणून ते मागे घेतलं गेलं. पण बाप गप्प बसला नाही. त्याच्या लढ्यानंतर अनेक राज्यांनी त्या प्रकारची टोकं काढायला घेतली.

आणि एकदा पास झालेला कठडा कायमचा पास नसतो. नेब्रास्कातल्याच चाचणीत तीन टनांहून जड असा विजेवरचा पिकअप कठडा फाडून आरपार गेला. हे २०२४ मध्ये जाहीर झालं.

दुसऱ्या दिवशी शिलाईची टेप घेऊन आम्ही चौघी घाटात गेलो. रस्त्यापासून कठड्याचा काठ भरला २१ इंच! कठडा खचला नव्हता. डांबराचे थरावर थर चढत गेले, रस्ता वर आला आणि कठडा बिचारा होता तिथेच राहिला.

मापं आणि फोटो जोडून आम्ही कार्यालयात अर्ज दिला. साहेब हसले, "ताई, शिलाईची टेप?" मी म्हटलं, "इंच तेवढेच भरतात, साहेब." तीन खेपा झाल्या. आता पाहणी करू म्हणालेत. चौथ्या खेपेची तयारी आहे.

हे सगळं भाऊंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती?" वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

माणूस चुकणारच. कधी डुलकी लागते, कधी कुत्रं आडवं येतं. घरात आपण लेकरांच्या चुका पदरात घेतोच ना? मग रस्त्याने का घेऊ नयेत? तुमच्या जवळच्या वळणावरचा कठडाही एकदा मोजा. फक्त रहदारी बघून, सांभाळून उभ्या राहा.