नळाचें पाणी आणि घरची दक्षता

आमच्या शाळेंत रोहें, नागोठणें व त्या दोहोंमधील निडी स्टेशन या बाजूनें पुष्कळ विद्यार्थी आगगाडीनें येतात. गेल्या पावसाळ्यांत त्यांपैकीं एक हुशार मुलगा काविळीनें अंथरुणास खिळला व महिनाभर शाळेस मुकला. मी समाचारास गेलों तेव्हां त्याची आई म्हणाली, "सर, विहिरीचें पाणी आम्हीं केव्हांच सोडलें. घरांत नळ आहे. मग हें दुखणें आलें कोठून?" तिची मोठी मुलगी त्याच वेळीं बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली होती, म्हणून या प्रश्नामागची काळजी अधिकच खोल होती. त्या माउलीस त्या दिवशीं मी जें थोडक्यांत सांगितलें, तेंच येथें विस्तारानें मांडीत आहें.

प्रथम हें पाणी येतें कोठून तें पाहूं. रोहें शहर कुंडलिका नदीच्या तीरीं वसलें आहे. कोंकणांतील बहुतेक नद्या उन्हाळ्यांत सुकतात. कुंडलिका मात्र वाहत असते. याचें कारण घाटमाथ्यावर आहे. मुळा नदीचें जें पाणी भीमा व कृष्णा यांच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जावयाचें, तें मुळशी येथें अडवून सुमारें ५०० मीटर खालीं भिरा येथें सोडतात व त्यावर वीज उत्पन्न करितात. हें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें, व तेथून बाहेर पडलेलें पाणी कुंडलिकेस मिळूं लागलें. याच मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला होता व सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें होतें. ज्या पाण्यासाठीं इतक्या कुटुंबांनीं आपलीं शेतें व घरें गमावलीं, तें पाणी आपण उंबरठ्याच्या आंत आल्यावर निष्काळजीपणानें नासवावें, हें शोभत नाहीं. शेजारच्या पेण तालुक्यांत हेटवण्याचें धरण असतांहि खारेपाटांतील गांवांना पिण्याच्या पाण्यासाठीं किती कष्ट सोसावे लागले, हें त्या बाजूचीं मुलें जाणतात.

नदीचें पाणी शुद्ध करण्याच्या पायऱ्या चार आहेत. तुरटी घातली असतां गढूळपणाचे सूक्ष्म कण एकत्र येतात. पाणी संथ ठेविलें म्हणजे ते तळाशीं बसतात. राहिलेले कण वाळूच्या थरांत अडकतात. आणि शेवटीं क्लोरीन वायूनें किंवा ब्लीचिंग पावडरीनें रोगजंतु मारले जातात. या शेवटच्या कामास सुमारें अर्धा तास द्यावा लागतो. जंतु मारून कांहीं क्लोरीन शिल्लक राहिलें पाहिजे, कारण पुढील वाटेवर तेंच पाण्याचा पहारेकरी असतें. भारतीय मानकाप्रमाणें घरच्या नळाशीं पोंचलेल्या पाण्यांत दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें. नळास येणारा तो किंचित् उग्र वास पुष्कळांना आवडत नाहीं. वास्तविक तो पहारेकरी जागा असल्याची खूण आहे.

मग रोग येतो कोठून? आपल्या लहान शहरांतून नळास पाणी दिवसांतून थोडाच वेळ येतें. पाणी वाहत असतांना नळांत दाब असतो, तोंवर बाहेरची घाण आंत शिरूं शकत नाहीं. पाणी बंद झालें कीं नळ रिकामा होतो व त्यांत ओढ उत्पन्न होते. गटाराच्या कडेनें गेलेल्या नळीस एखादी फट असली, तर गटारांतील पाणी त्या फटींतून आंत ओढलें जातें, व दुसऱ्या दिवशींच्या पहिल्या धारेबरोबर तें आपल्या हंड्यांत पडतें. कित्येकजण अधिक पाणी मिळावें म्हणून नळास विजेचा पंप जोडतात. त्यानें ही ओढ अनेक पटींनीं वाढते. म्हणजे एकानें पंप लावावा व साऱ्या आळीनें गटाराचें पाणी प्यावें, असा प्रकार होतो.

याचा एक मोठा दाखला दिल्लीचा आहे. १९५५ सालच्या अखेरीस यमुनेंत एका नाल्याचें सांडपाणी मिसळून तें शहराच्या पाणीपुरवठ्यांत शिरलें, आणि थोड्याच आठवड्यांत सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. नवल असें कीं विषमज्वराची सांथ मात्र उठली नाहीं. अधिकाऱ्यांनीं क्लोरीन वाढविल्यामुळें विषमज्वराचे जंतु मेले, परंतु काविळीचा विषाणु टिकून राहिला. तोच विषाणु पुढें ‘ई’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. आपल्या महाराष्ट्रांत २०१२ सालीं इचलकरंजीस जी काविळीची सांथ आली, तीहि याच विषाणूची होती. ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास शंभर स्त्रियांपैकीं वीस ते पंचवीस दगावूं शकतात. म्हणून त्या घरीं मीं पहिली गोष्ट सांगितली ती हीच कीं, आजपासून पिण्याचें सर्व पाणी उकळा.

घरांत काय होतें, याचा एक लहानसा प्रयोग आम्हीं वर्गांत केला. नुकतेंच नळावरून भरलेलें पाणी आणि घरच्या उघड्या मडक्यांतील आदल्या दिवशींचें पाणी, अशीं दोन परीक्षानळ्यांत घेऊन प्रत्येकींत ऑर्थोटोलिडिनचे दोनदोन थेंब टाकले. पहिलें पाणी पिवळें झालें. दुसऱ्यांत रंगच उमटला नाहीं. रात्रभरांत पहारेकरी निघून गेला होता. पुढें त्यांत कोणीं हात बुडविला, तर अडविणारें कोणी नव्हतें.

म्हणून प्रत्येक घरीं पुढील नियम पाळावे. नळ येतांच पहिलें पाणी झाडांस किंवा धुण्यास घ्यावें. पिण्याचें नंतर भरावें. गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळावें व गाळावें, पण निवळलेलें पाणी निर्जंतुक झालें असें समजूं नये. तें खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळूं द्यावें व त्याच भांड्यांत झांकून निववावें. पिण्याचें भांडें उंचावर ठेवावें, त्यास झांकण व तोटी असावी. तोटी नसल्यास लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें. आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं व टांक्या रिकाम्या करून घांसाव्या व कोरड्या कराव्या, म्हणजे डेंग्यूच्या डांसांची वाढहि थांबते.

येथें एक इशारा दिला पाहिजे. उकळण्यानें जंतु मरतात; क्षार किंवा रसायनें जात नाहींत. रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखाने आहेत. पाण्यास अपरिचित रंग, वास वा फेंस दिसला, तर तें उकळून पिण्याचा प्रयत्न न करितां नगरपालिकेस अथवा ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावें व पाण्याचा नमुना तपासून मागावा. ग्रामपंचायतीच्या पाण्याची पाहणी होऊन तिला लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड मिळतें. आपल्या गांवास कोणतें मिळालें, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. विद्यार्थ्यांनीं तें विचारावें.

तो मुलगा दिवाळीपूर्वीं शाळेंत परत आला. बहिणीचेंहि सुखरूप बाळंतपण झालें. आळींतील लोकांनीं मिळून अर्ज केला, तेव्हां गटारालगतची गंजलेली नळी बदलण्यांत आली. आतां त्या माउलीच्या घरीं झांकणाचा पितळी पिंप आला आहे, आणि उकळलेल्या पाण्याची जबाबदारी त्या मुलानें आपणाकडे घेतली आहे. नळ घरांत आला म्हणजे आपलें काम संपलें, असें नाहीं. तेथून तें सुरू होतें.